पाचव्या पाटीवरची शिडी

आता सांगायला हरकत नाही. गेल्या महिन्यापर्यंत मात्र कुणी सरांचं नाव काढलं की मी ब्रश धुवायच्या निमित्तानं दुकानाच्या मागं जायचो. सरांनी उभी हयात एका पुस्तकावर घातली, आणि ते पुस्तक माझ्या एका खोट्यापायी बारा वर्षं अडून बसलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं सरांच्या गमती ऐकताना तुम्ही मला लय भला माणूस समजायला नको.

मी पूर्णेत पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीत चिन्हं. सर इथंच कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्टेशन रोडला एका रसवंतीची पाटी रंगवत आणली होती. खाली एक उंच माणूस सायकल मांडीला टेकवून उभा. दहा मिनिटं झाली, वीस झाली, हलायचं नाव नाही. शेवटी मी वरूनच विचारलं, "काय पाहिजे साहेब?"

"काही नाही," ते म्हणाले. "पाटीवर एक ऊस आहे. त्याला पाच पेरं आहेत. पाचही सारख्या लांबीची आहेत. खऱ्या उसाची पेरं तशी नसतात. हा ऊस तुम्ही शेतात बघून काढलेला नाही, दुसऱ्या पाटीवर बघून काढलाय."

माझं डोकंच सणकलं. सायकलच्या कॅरियरला पोरांच्या वह्यांचा गठ्ठा दिसला, म्हणजे माणूस मास्तर होता. मी म्हणालो, "मास्तर, तुमी वर्गात काय शिकवता त्याला मी कधी नावं ठेवायला आलो का?"

"या की. शेवटच्या बाकावर बसा, ऐका, आणि काय चुकतंय ते सांगा. मला कुणी सांगतच नाही."

आणि ते टोमणा मारत नव्हते, खरंच बोलावत होते. संध्याकाळी मी मुद्दाम भावाच्या मळ्यात जाऊन ऊस पाहिला. माणूस बरोबर बोलत होता, त्याचा तर जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी गपचूप जाऊन पेरं दुरुस्त केली.

सरांच्या ह्या खोडीचं मूळ पार अमेरिकेत होतं. तरुणपणी हैदराबादला असताना त्यांना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एक पुस्तक मिळालं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचा कुणी अमेरिकेतला टीकाकार, पेपरात चित्रांवर, नाटकांवर, नाचगाण्यावर लिहायचा, त्याचं ते पुस्तक. चित्रांची पानं कुणीतरी फाडून नेलेली, नुसता मजकूर उरलेला. सरांनी ते वाचलं आणि झपाटलेच. त्या माणसाला ते नावानं हाक मारत नसत, 'आमचे गृहस्थ' म्हणत. 'आमचे गृहस्थ म्हणतात' असं दिवसातून दहादा. निम्म्या पूर्णेला वाटायचं सरांचे कुणी मेव्हणे-बिव्हणे अमेरिकेला आहेत. स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं तर एकदा विचारलं, "सर, तुमचे गृहस्थ दिवाळीला येणार हायत का न्हाई?" सर म्हणाले, "ते माझ्या जन्माआधीच वारले." चहावाल्यानं बिचाऱ्यानं त्या दिवशी दुःखात चहा पाजला.

ह्या गृहस्थाची सगळी कुंडली मला पाठ झाली होती. एका बेकरीच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. कोट एकच. चित्रासमोर एक तास उभा राहायचा, त्यातला अर्धा तास चित्राकडं पाठ करून बघणाऱ्यांची तोंडं बघायचा. सर्कशीत दोरीवर चालणाऱ्या बाईवर त्यानं जेवढ्या निगुतीनं लिहिलं तेवढ्याच निगुतीनं मोठ्या थेटरातल्या गाण्यावर लिहिलं. नव्या चित्रकारांना सगळं गाव हसायलं होतं तेव्हा हा एकटा जाऊन, न हसता, काय दिसलं ते लिहून आला. त्याचा एकच कायदा होता: आधी काय आहे ते सांगा, मग कसं आहे ते सांगा, आणि पदरचं काही घालू नका. पेपरच्या मालकाच्या बायकोनं चित्रं काढली आणि ह्याला लिहायला सांगितलं, तर ह्यानं चौकटीच्या लाकडावर अकरा ओळी लिहिल्या आणि चित्रावर एकही नाही. गेली नोकरी.

"मेले तेव्हा त्याच पेपरात दोन ओळी आल्या," सर सांगायचे आणि दरवेळी तिथं थांबायचे. "सगळ्यांवर लिहिणाऱ्यावर दोन ओळी, पेंटर."

म्हणून सर त्याच्यावर मराठीत पुस्तक लिहायला बसले होते. मी एकदा विचारलं, "पण मराठीत हे वाचणार कोण?" सर म्हणाले, "तुम्ही."

गृहस्थाचा कायदा सरांनी पूर्णेला लागू केला होता. 'छान' आणि 'सुंदर' ह्या दोन शब्दांना त्यांच्यासमोर बंदी. ताडकळसच्या बाजाराला ते वर्गच्या वर्ग घेऊन जायचे आणि पोरांना एका बैलासमोर तासभर उभं करायचे. एक पोरगी म्हणाली, "सर, बैल लय देखणा हाय." सर म्हणाले, "ते बैलाला सांगा. मला त्याची शिंगं सांगा." बैलाचा मालक वैतागला, त्याला वाटलं गिऱ्हाइकं आहेत आणि खोडी काढायलेत. पोखर्णीच्या यात्रेत एकानं भारूड सादर केलं, तो खाली उतरल्यावर सर त्याला गाठून म्हणाले, "तुम्ही मध्येच घाम पुसायला थांबलात, लोक तेव्हा सगळ्यात जास्त हसले." तो पठ्ठ्या दुसऱ्या वर्षीपासून घाम नसला तरी पुसायला लागला.

आमची पोरगी झाली तेव्हा सर बघायला आले. पाळण्यावर वाकून बराच वेळ बघितलं. बायको मोठ्या आशेनं उभी. सर म्हणाले, "डोळे मिटलेले आहेत. उजव्या हाताची मूठ आहे, डाव्या हाताची उघडी. केस भरपूर. कपाळावर एक आठी आहे, ती वडलांची." आणि गेले. बायको चार दिवस धुमसत होती. "लेकरू गोड हाय म्हणायला ह्या माणसाचं काय जायलंय?" पण आता तीच सांगते, पोरगी लहानपणी कशी होती ते फोटोपेक्षा सरांच्या बोलण्यातूनच तिला जास्त आठवतं.

आता पाट्यांचं सांगतो.

सरांच्या डोक्यात एक प्रयोग शिरला. म्हणाले, "पेंटर, गृहस्थांच्या पुस्तकातली चित्रं मी पाहिलेली नाहीत, तुम्हीही नाहीत. मी त्यांनी केलेलं वर्णन मराठीत वाचतो, तुम्ही ऐकून पत्र्यावर काढा. मग खऱ्या चित्रांशी ताडून बघू. न बघितलेल्या माणसाला चित्र दिसलं, तर टीकाकार खरा. हाच माझ्या पुस्तकाचा शेवटचा भाग." तोवर खरी चित्रं बघायची नाहीत अशी त्यांनी शपथच घातली होती. इंटरनेट आलेलं होतं, पण सर त्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते.

पहिलं बंदराचं चित्र. मी समुद्र पाहिलेला नाही, येलदरीचं धरण पाहिलेलं, तेच काढलं आणि त्यात जहाजं सोडली. दुसरं खिडकीतल्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं. माझी बाई कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखी दिसायली. तिसऱ्यात रस्त्यावर बर्फ पडलेला. बर्फ म्हणजे मला आइस्क्रीमच्या गाडीतला माहीत. मी जिनिंगच्या आवारात सरकी काढायला पडलेला कापूस आठवला आणि तो रस्त्यावर पसरला. चौथ्यात माळावरची लाल कोठी, तिथं आमच्या भावाचा आखाडा, म्हणजे मळ्यातलं गोठ्याचं घर, उतरला, खाली बैलगाडीसकट. दरवेळी सर पाटी बघायचे, पुस्तकात बघायचे आणि म्हणायचे, "गृहस्थ असं म्हणत नाहीत." चौथ्याला म्हणाले, "पेंटर, तुम्ही ऐकतच नाही."

हे मला लागलं. दिवसभराची कामं सोडून मी ह्यांचा अमेरिकावाला ऐकायचो, आणि वर हे. मला अपमान वाटला, सरळ सांगतो.

पाचव्या चित्राचं वर्णन ऐकलं, आणि चित्रकाराचं नाव अन् चित्राचं नाव सरांच्या वहीतून कागदावर उतरवून घेतलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण अक्षरं येत होती, तो तर माझा धंदाच. दुसऱ्या दिवशी परभणीला गेलो, बसस्टँडजवळच्या एका नेट कॅफेत बसलो, कॅफेवाल्याकडून नाव टाकून घेतलं. समोर चित्र आलं. गावातली गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, दोरीवर कपडे, पाठमोरी बाई. अर्ध्या तासात पेन्सिलीनं वहीत सगळं उतरवलं. चार दिवसांत पाटी तयार.

सर नाचायचेच बाकी राहिले. लगेच पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगून खऱ्या चित्रांचे छापील फोटो मागवले. पाचवा फोटो माझ्या पाटीशेजारी ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "पेंटर, शब्दांतून दिसलं हो. तुम्हाला दिसलं." मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या कामावर खूश झालं होतं, आणि मी नुसती मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सर परत आले. दुकानात उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या पाटीवर टाकीला एक शिडी लावलीय. खऱ्या चित्रातही आहे. पण गृहस्थांच्या वर्णनात शिडी नाही. मी तीनदा वाचलं. ही शिडी कुठून आली?"

मी ब्रश पुसत होतो. वर न बघता म्हणालो, "तुमीच म्हणला होता की सर. वाचताना."

"मी म्हणालो?"

"मंग? माझ्या मनानं मी कशाला काढू?"

सर बरं म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. एवढंच झालं. मी सुटलो म्हणून वर चहा पण मागवला होता, ते आठवलं की आजही स्वतःला चार ठेवून द्याव्यात वाटतं.

पुढं सर निवृत्त होऊन पोखर्णीला, त्यांच्या गावी, राहायला गेले. भेटी कमी झाल्या, आणि मी त्या वाढू दिल्या नाहीत. गेल्या महिन्यात पूर्णा स्टँडवर वहिनी भेटल्या, सरांच्या मंडळी. नांदेडला बहिणीकडं निघाल्या होत्या. मी सहज विचारलं, सरांचं पुस्तक कसं काय चाललंय.

"कशाचं पुस्तक घेऊन बसलात पेंटर," वहिनी म्हणाल्या. "ते त्या शिडीपाशी अडलंय, तुम्हाला माहीत न्हाई?"

वहिनींनी सगळं सांगितलं. सरांनी असा हिशेब मांडला होता: पुस्तकात शिडी नाही, पेंटर म्हणतो मी वाचताना म्हणालो, पेंटरला खोटं बोलून काय मिळणार? म्हणजे मीच म्हणालो. आणि मी म्हणालो तर मला शिडी माहीत होती. म्हणजे ते चित्र मी कधीतरी, कुठंतरी पाहिलेलं आहे आणि विसरलोय. म्हणजे न पाहिल्याची माझी शपथ खोटी, प्रयोग खोटा, आणि मी दुसऱ्याच्या शब्दांत पदरचं घालणारा माणूस.

"हैदराबादच्या दोस्तांना पत्रं लिहिली," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या खोलीत असलं कॅलेंडर होतं का, कुणाच्या बिस्किटाच्या डब्यावर होतं का. रोज ती वही काढतात, मला बसवतात, वाचतात आणि म्हणतात, ऐक, मी आत्ता शिडी म्हणालो का? म्हणतात, मलाच माझा भरवसा नाही, मग एवढी वर्षं पोरांना काय शिकवलं मी? आता तर त्यांनी हाय खाल्लीय. परवा म्हणाले, तू परत आलीस की वह्यांची ती ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाक. मी सोमवारी परत येणार हाय."

तो दिवस शनिवार. दुकान उघडंच टाकलं, शेजाऱ्याला लक्ष ठेव म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. परभणी ओलांडून पोखर्णीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. काय झालं होतं सर की, त्या वेळी घरची तकलीफ होती सर, असली सगळी लबाडीची वाक्यं. एकही तोंडात टिकेना.

सर ओसरीत बसलेले. वाळले होते. मला बघून हसले, "या पेंटर," म्हणाले. ट्रंक दारापाशी काढून ठेवलेली होती, वर सुतळी बांधून. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "सर, शिडी तुमी म्हणला न्हवता. मी नेटवर चित्र बघून काढली. अन् तुमच्यावर ढकललं."

सरांनी शेजारची चटई माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "बसा. आधी काय झालं ते सांगा. तुम्हाला कसं वाटलं ते नंतर."

मी सगळं सांगितलं. कॅफे कुठं होता, पडदा केवढा होता, वहीत आधी काय उतरवलं, किती वेळ लागला. ते वकिलासारखे विचारत होते. मधे एकदा म्हणाले, "म्हणजे मी वाचलं तेव्हा शिडी हा शब्द माझ्या तोंडात नव्हता? नक्की?" मी म्हणालो, "आईची शपथ सर. नव्हता." तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. रडायलेत का काय, बघायची माझी छाती होईना.

"पेंटर," ते म्हणाले, "तुम्ही लबाड आहात. नक्कल करणारे आहात. वर तोंड करून माझ्यावर आळ घेणारे आहात. बारा वर्षं मी स्वतःला चोर समजत होतो."

"व्हय सर."

"नुसतं व्हय काय म्हणता? मी हैदराबादच्या एका दोस्ताशी भांडलो ह्या पायी. तो म्हणाला, कॅलेंडर नव्हतं, आणि मी म्हणालो, होतं!"

एवढं बोलले आणि हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. मला आधी कळेचना की मीही हसावं की नाही. मग आमचे दोघांचेही श्वास मोकळे झाले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं वाटलं. मला माफ केलं का हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "एक सांगा. त्या चित्रात टाकीमागं मांजर आहे, ते तुम्ही सोडलं. खिडक्या सोडल्या. घाईत होता. मग शिडी का नाही सोडली? एवढीशी तर आहे."

"अहो सर, शिडीशिवाय टाकीवर माणूस चढणार कसं?" मी म्हणालो. "माझी सगळी जिंदगी शिडीवर गेली. मला आधी तीच दिसली."

सरांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्यांना दिसली नाही. तासभर उभे राहिले असतील चित्रासमोर. टाकी दिसली, बाई दिसली, आभाळाचा रंग दिसला. शिडी दिसली नाही. आमच्या गृहस्थांचं चुकलं, पेंटर. आणि माझंही. चाळीस वर्षं मी त्यांच्याच डोळ्यांनी बघत होतो."

मला वाटलं, आता ह्यांना वाईट वाटणार. पण सरांचा चेहरा असा झाला होता की त्यांना नोकरी लागली तेव्हाही तसा झाला नसेल. उठले, ट्रंकेची सुतळी विळीवर कापली, वह्या बाहेर काढल्या आणि तिथंच ओसरीत मांडी घालून लिहायला बसले. एका अंगाला मी, एका अंगाला वह्यांचा ढीग. लिहून झालं तसं मोठ्यानं वाचलं:

"पाचवी पाटी नक्कल आहे. पेंटरांनी ती नेट कॅफेत चित्र बघून काढली आणि माझ्याशी खोटं बोलले. तरी ह्या चित्राबद्दल टीकाकाराला न दिसलेली एक गोष्ट त्यांना दिसली. टाकीला शिडी आहे."

"ह्यात माझ्या पदरचं काही आहे का?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. जसं झालं तसंच हाय."

"तुमचं नाव घालू? सगळ्यांना कळेल तुम्ही काय केलं ते."

"घाला," मी म्हणालो. "पूर्ण नाव घाला."

सरांनी नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आणि वही माझ्याकडं सरकवली. मी बघितलं. खोटं बोलले ह्या शब्दांच्या खाली माझं नाव, सरांच्या बारीक, सरळ अक्षरात. लाज वाटली, आणि त्याच्याहून जास्त बरं वाटलं.

वहिनी नव्हत्या. त्यांनी जाताना भाकरी करून ठेवल्या होत्या, दोन दिवसांच्या. सर आत गेले, ताट घेऊन आले, मग काहीतरी आठवल्यासारखे परत आत गेले आणि दुसरं ताट आणलं.